नोकरी गेली आणि साठ दिवस सुरू झाले: एच वनवाल्यांची पत्रं

या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत. अमेरिकेत एच वनवर, म्हणजे कंपनीने काढून दिलेल्या कामाच्या व्हिसावर असलेली माणसं, काहींची नोकरी गेलीये, काही जाईल म्हणून धास्तावलेत. ही नोकरी गेली की नवी शोधायला किंवा देश सोडायला साठ दिवसांपर्यंतच मुदत असते. चार पत्रं निवडलीत, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय. मी वकील नाही हे आधीच सांगते. पण स्वतः यातून गेलेय आणि नंतर कितीतरी जणांचे रात्रीबेरात्री फोन घेतलेत, त्यामुळे माणूस कुठे अडतो ते थोडंफार माहितीये. तुमच्या केसमधला शेवटचा शब्द मात्र इमिग्रेशन वकिलाचा.

प्रश्न: ताई, मी न्यू जर्सीत असतो, एकाच कंपनीत अकरा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात सकाळी मॅनेजरने अचानक मीटिंग टाकली, आत गेलो तर एचआरची बाई बसलेली, बारा मिनिटांत सगळं आटोपलं आणि बाहेर येतो तर लॅपटॉप लॉक. आज नववा दिवस. मी घरी सांगितलेलं नाहीये. रोज डबा घेऊन निघतो, लायब्ररीत बसतो, संध्याकाळी ट्रॅफिकबद्दल कुरकुर करत घरी येतो. बायको एच फोरवर (माझ्या एच वनला जोडलेला कुटुंबाचा व्हिसा) आहे, नोकरी करत नाही, मोठी मुलगी पण एच फोरवर, धाकटा इथे जन्मलेला. ग्रीन कार्डसाठी कंपनीने भरलेलं आय-१४० २०१८ मध्ये अप्रूव्ह झालंय. मला नक्की किती दिवस आहेत? आणि घरी कसं सांगू?

उत्तर: भाऊ, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो पहिल्याच्या आधी सुटायला हवा. आज संध्याकाळी सांगा. शनिवारी नाही, मुलांची परीक्षा झाल्यावर नाही, आजच. हे मी नात्यागोत्याच्या गोष्टी म्हणून सांगत नाहीये. तुमची बायको आणि मुलगी दोघींचं स्टेटस तुमच्या स्टेटसला बांधलेलं आहे. तुमचं घड्याळ सुरू झालं त्याच दिवशी त्यांचंही सुरू झालंय आणि त्यांना ते माहीतच नाही. उद्या फॉर्म भरायची वेळ आली तर तिचीही कागदपत्रं लागणार, तिचीही सही लागणार, इन्शुरन्स कुठपर्यंत आहे हे तिला कळायला हवं. नऊ दिवस तुम्ही ट्रॅफिकबद्दल जी कुरकुर करताय ना, त्यात तिचे नऊ दिवस गेलेत.

कसं सांगायचं, तर सरळ. 'माझी नोकरी गेली, मागच्या आठवड्यात, मला सांगायची हिंमत झाली नाही.' एवढं पुरे. प्लॅन तयार झाल्यावर सांगू असं मनात येईल, त्याची वाट बघू नका, प्लॅन दोघांनी करायचाय. ती चिडेल, आणि नोकरी गेल्याबद्दल नाही, लायब्ररीबद्दल चिडेल. चिडू द्या.

आता दिवस. नियमात साठ दिवसांपर्यंत असं आहे, आणि त्याआधी तुमच्या आय-९४ ची (इथे राहायची मुदत लिहिलेली प्रवेशनोंद) तारीख संपत असेल तर तेवढेच. मोजणी सुरू होते नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि नोकरी संपली कधी हे साधारणपणे शेवटच्या पगाराच्या दिवसावरून ठरतं. म्हणजे ३१ मार्चपर्यंत तुम्ही पेरोलवर असाल तर १ एप्रिल हा पहिला दिवस आणि ३० मे हा साठावा. सेव्हरन्स म्हणून (काढताना कंपनी देते ती भरपाई) नंतर चार महिन्यांचे पैसे मिळाले तरी त्याने हे दिवस वाढत नाहीत, यात भलेभले फसतात. काही कंपन्या घरी बसवून पगार चालू ठेवतात, तिथे कुठला दिवस धरायचा यावरून गोंधळ होतो, म्हणून एचआरला आजच ईमेल करा की पेरोलवरचा माझा शेवटचा दिवस कोणता, आणि उत्तर लेखी घ्या. मग ती तारीख आणि साठावा दिवस, दोन्ही कागदावर लिहून फ्रिजवर लावा. फोनमध्ये नको, फ्रिजवर, म्हणजे दोघांना दिसेल.

पण साठ हा आकडा मनात धरू नका, चाळीस धरा. कारण तुमच्यासाठी सगळ्यात सरळ रस्ता म्हणजे नव्या कंपनीने या मुदतीच्या आत तुमचं एच वनचं पिटीशन (अर्ज) फाइल करणं. मुदतीत ते यूएससीआयएसला (इमिग्रेशन खात्याला) पोचलं की अप्रूव्हलची वाट न बघता तिथे काम सुरू करता येतं, आणि एच वनच्या लॉटरीत (नव्या अर्जांची निवड जिथे चिठ्ठ्या टाकल्यासारखी होते ती) परत जावं लागत नाही. पण फाइल करायच्या आधी लेबर डिपार्टमेंटकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींबद्दलची मंजुरी) लागतो, त्याला सात वर्किंग डेज जातात, त्याआधी त्यांचे वकील कागद मागणार, त्याआधी ऑफर लेटर. दोन-तीन आठवडे तर यातच गेले. म्हणून रिक्रूटरला पहिल्याच कॉलमध्ये सांगून टाका की मी एच वनवर आहे, ट्रान्सफर लागेल, अमुक तारखेच्या आत फाइल व्हायला हवं. सांगितलं तर नाही म्हणतील अशी भीती वाटते ना, तर जे नाही म्हणणार ते पाचव्या राउंडनंतरही नाहीच म्हणणार, फक्त तुमचे तीन आठवडे खाऊन.

आय-१४० बद्दल तुम्ही घाबरलाय असं पत्रावरून वाटतं, ते थोडं कमी करते. अप्रूव्ह होऊन १८० दिवस उलटून गेले असतील तर जुन्या कंपनीने ते मागे घेतलं तरी तुमची प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तारीख) तुमचीच राहते, आणि एच वनच्या कमाल सहा वर्षांपुढचं एक्स्टेन्शन त्याच्या आधारावर नव्या कंपनीला मागता येतं. तुमचं २०१८ चं आहे, सुटलात. हां, नव्या कंपनीला पर्म (ग्रीन कार्डसाठी लेबर डिपार्टमेंटची मंजुरी) पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल, ते काही टळत नाही. त्या अप्रूव्हल नोटिसची कॉपी मात्र तुमच्याकडे हवी, नसेल तर जुन्या कंपनीच्या वकिलाकडे आत्ताच मागा, कॉपी देत नसतील तर निदान रिसीट नंबर तरी घ्या.

समजा चाळिसाव्या दिवशीही काही हातात नाही. मग आय-५३९ हा फॉर्म भरून बी-२ वर, म्हणजे पर्यटक म्हणून, स्टेटस बदलायचा अर्ज करतात, बायको-मुलीसकट, आणि तो साठ दिवसांच्या आत पोचायला हवा. वेळेत केलेला अर्ज पेंडिंग असेपर्यंत इथे थांबता येतं, मुलाखतीही देता येतात, पण काम करता येत नाही. यात एक गोम आहे. साठ दिवस उलटून गेल्यावर ऑफर आली आणि नवं पिटीशन फाइल झालं, तर फाइल झाल्याबरोबर काम सुरू करता येत नाही, अप्रूव्हलपर्यंत थांबावं लागतं, आणि बी-२ चा अर्ज नाकारला गेला तर परदेशात जाऊन व्हिसा घेऊन परत यायची वेळ येऊ शकते. आणि सप्टेंबर २०२५ पासून ही गोम महाग झालीये, बाहेरून येणाऱ्यांच्या नव्या पिटीशनवर १,००,००० डॉलरचं पेमेंट लावलं गेलं, इथल्या इथे कंपनी बदलणाऱ्याला ते नाही पण स्टेटस टिकलं नाही असं ठरलं तर लागू होऊ शकतं. कुठली कंपनी देणारे एवढे? म्हणून हा बी-२ चा निर्णय कुणा मित्राच्या अनुभवावर घेऊ नका, या महिन्यात नियम काय आहे ते वकिलाला विचारून घ्या. एका तासाची फी द्यावी लागेल, द्या.

या दिवसांत तुम्हाला फोन येतील. गोड बोलणारे, आपल्याच भाषेत बोलणारे. 'पेरोल चालू दाखवतो, तुम्ही फक्त दर महिन्याला एवढे भरा' किंवा 'एच वन फाइल करतो, फी तुमची.' फोन ठेवून द्या. पिटीशनची फी आणि त्या वकिलाचा खर्च कंपनीने करायचा असतो, आणि प्रोजेक्ट नाही म्हणून पगार थांबवणं कायद्यात बसत नाही. खोट्या पेस्लिपवर उभं केलेलं स्टेटस पाच वर्षांनी ग्रीन कार्डच्या वेळी उकरलं जातं तेव्हा तो गोड बोलणारा फोन उचलत नाही.

इन्शुरन्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण दोन मुलं आहेत म्हणून सांगते. कोब्रा (कंपनीचाच इन्शुरन्स स्वतःच्या पैशाने चालू ठेवणं) घ्यायचा की नाही हे ठरवायला ६० दिवस असतात आणि घेतला तर तो मागच्या तारखेपासून लागू होतो, तेव्हाचा हप्ता भरून. महाग पडतो, कारण कंपनी भरत होती तो वाटाही आपल्यालाच भरावा लागतो, प्रीमियमच्या १०२ टक्क्यांपर्यंत. सरकारी मार्केटप्लेसचा इन्शुरन्स प्लॅन घ्यायलाही कव्हरेज गेल्यापासून ६० दिवस मिळतात, दोन्हीचे आकडे समोरासमोर ठेवून बघा. आणि ४०१(के), म्हणजे निवृत्तीसाठी साठवलेले पैसे, मोडू नका. वयाच्या साडेएकोणसाठच्या आत काढले तर टॅक्स वेगळा आणि वर १० टक्के दंड. अगदी गळ्याशी आलं तर वेगळी गोष्ट, पण ती वेळ नवव्या दिवशी आलेली नाहीये.

माझं सांगते. माझी नोकरी २००९ मध्ये गेली तेव्हा हे साठ दिवस नव्हतेच, तो नियम जानेवारी २०१७ पासून आला. त्याआधी नोकरी संपली की स्टेटस संपलं. नवऱ्याचं एच वन होतं म्हणून मी एच फोरवर गेले आणि मग सहा वर्षं घरी, कारण एच फोरवाल्यांना काम करायची परवानगीच मे २०१५ मध्ये मिळाली, तीही सगळ्यांना नाही. या सहा वर्षांतले पहिले आठ महिने मी आईला फोनवर ऑफिसच्या गोष्टी सांगत होते. रचून. कोण मीटिंगमध्ये काय म्हणालं वगैरे. नोकरी गेल्याचं दुःख कधीच पुसट झालं पण त्या रचलेल्या गोष्टी अजून आठवतात, त्यातल्या माणसांची नावंसुद्धा. म्हणून म्हणते, आजच सांगा.

प्रश्न: वय ४४. आमच्या पूर्ण टीमला काढलं. सेव्हरन्सचा करार पाठवलाय आणि एचआर म्हणते पाच दिवसांत सही करा नाहीतर ऑफर रद्द. करू का?

उत्तर: लगेच करू नका. तुमचं वय चाळिशीच्या पुढे आहे आणि अशा करारात सहसा वयाच्या भेदभावाबद्दल दावा करायचा हक्क सोडून द्यायला लावतात. तो हक्क सोडायला लावायचा असेल तर कायद्याने विचार करायला २१ दिवस द्यावे लागतात, आणि तुमच्यासारखं ग्रुपने काढलं असेल तर ४५, शिवाय सही केल्यावर मागे घ्यायला ७ दिवस. पाच दिवस कुठून काढले देव जाणे. एचआरला नम्रपणे लिहा की मी चाळिशीपुढचा आहे, मला कायद्याने मिळणारा वेळ हवाय, आणि करार एम्प्लॉयमेंट वकिलाला दाखवा, हा इमिग्रेशनवाल्यापेक्षा वेगळा असतो. एच वनची मुदत संपायच्या आधी काढलं असेल तर मायदेशी परतायचा तुमचा वाजवी प्रवासखर्चही कंपनीकडे लागतो. परत जायचं ठरलं तर मागून घ्या, स्वतःहून कुणी आठवण करून देत नाही. तुमच्या एकट्याचा हां, घरच्यांचा नाही.

प्रश्न: माझी नोकरी गेलेली नाही आणि तरी मी पार संपलेय. आमच्याकडे दर तिमाहीला लेऑफ होतात. चॅटमध्ये कुणाचं नाव दिसेनासं झालं की पोटात गोळा येतो. रात्री तीनला उठून ईमेल बघते, शनिवार-रविवार काम करते, सुट्टी घेत नाही, दोन वर्षांत भारतात गेले नाही. मैत्रीण म्हणते तू निदान सुरक्षित तरी आहेस, कुरकुर कसली करतेस. माझं चुकतंय का?

उत्तर: नाही गं. गेलेल्या नोकरीला निदान तारीख असते, तुझ्या भीतीला ती पण नाही. आणि एच वनवर नोकरी म्हणजे फक्त पगार नसतो, घराचं लीज, बऱ्याच राज्यांत ड्रायव्हिंग लायसन्सची तारीख, पुढे मुलांची शाळा, सगळं त्या एका कागदाला लटकलेलं. इथल्या नागरिकाची नोकरी गेली तर त्याची नोकरी जाते. मैत्रिणीला हे कळत नाही यात तिचा दोष नाही, पण तिच्याकडून समजूत निघायची अपेक्षा सोड.

शनिवार-रविवारच्या कामाबद्दल मात्र कडू बोलते. त्याने नोकरी वाचत नाही. लेऑफची यादी बऱ्याचदा वरती कुणीतरी खर्चाच्या तक्त्यावरून करतं, तुझ्या मॅनेजरलाही आदल्या दिवशी कळतं. अख्खी टीम, अख्खं प्रॉडक्ट जातं, त्यात रविवारी रात्री अकराला उत्तर देणारी पण जाते. ते तास वाचव आणि दुसरीकडे लाव.

म्हणजे कुठे, तर एक फोल्डर बनव, कंपनीच्या लॅपटॉपवर नाही, स्वतःच्या. सगळे आय-७९७ (अप्रूव्हलच्या नोटिसा), सगळे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगार-टॅक्सचे फॉर्म), अलीकडच्या पेस्लिपा (नवी कंपनी मागतेच), आय-९४ चा प्रिंट, पासपोर्ट किती दिवसांचा उरलाय ते. कंपनीचा कोड किंवा फाइली कॉपी करू नकोस, फक्त तुझे स्वतःचे कागद. आणि एक गोष्ट कुणीच वेळेवर करत नाही ती म्हणजे अनुभवाची पत्रं. पुढे पर्मसाठी जुन्या नोकरीतलं काम, तारखा, कुठली टेक्नॉलॉजी वापरली, असं सविस्तर पत्र लागतं आणि लागतं तेव्हा तो मॅनेजर तिसऱ्याच कंपनीत, नंबर बदललेला, असं होतं. आज तो आहे, आज माग. कशाला हवंय विचारलं तर ग्रीन कार्डच्या कागदांसाठी म्हण, खरंच आहे ते.

रेझ्युमे ताजा ठेव आणि नोकरी असतानाच वर्षातून दोन-चार मुलाखती देऊन ये, बदलायचं नसलं तरी. मुलाखत द्यायची सवय मोडते आणि साठ दिवसांत ती परत लावायला वेळ नसतो. बाजूला टाकायचे पैसे, चार-सहा महिन्यांचा खर्च म्हणतात सगळे, जमेल तेवढं. भाड्याचं लीज नूतनीकरणाला आलं की मुदतीआधी सोडलं तर किती पडेल हे वाचून मगच सही कर.

भारतात जाण्याबद्दल तुझी भीती अगदीच निराधार नाही. बाहेर असताना नोकरी गेली तर साठ दिवसांच्या आधारावर परत आत येता येत नाही, ती सवलत इथे असणाऱ्यासाठी आहे. म्हणून जाताना व्हिसा स्टँपिंगची (पासपोर्टवर नवा व्हिसा घ्यायची) कटकट त्याच ट्रिपमध्ये घालू नये असं माझं मत, स्टँप चालू असेल तेव्हा जाऊन ये आणि लेऑफची कुजबुज ऐन जोरात असेल तो महिना टाळ. पण दोन वर्षं आईवडिलांना न भेटणं हाही खर्चच आहे की, तो कुठल्या तक्त्यात दिसत नाही इतकंच.

आणि रात्री तीनचं. हे किती दिवस चाललंय? दोनेक आठवड्यांच्या वर असेल तर डॉक्टरकडे जा, इन्शुरन्स आहे तोवर जा. बऱ्याच कंपन्यांत ईएपी म्हणून मोफत कौन्सेलिंगची काही सेशन्स असतात, बाहेरची संस्था घेते, तू काय बोललीस ते मॅनेजरला सांगितलं जात नाही. आणि जगणंच नको असं कधी वाटलं तर ९८८ ला फोन कर किंवा मेसेज कर, अमेरिकेत कुठूनही, दिवसरात्र चालू असतं. व्हिसा विचारत नाहीत.

प्रश्न: मी भारतात राहते, वय ६६. मुलगा सिअॅटलला. त्याची नोकरी गेल्याचं मला त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं, महिना झाला म्हणे. तो रोज फोन करतो पण बोलत नाही, उलट मलाच विचारतो औषधं घेतलीस का. मी विचारू का? की तो सांगेपर्यंत थांबू? यांचं म्हणणं आहे त्याला सरळ सांगायचं, परत ये.

उत्तर: काकू, वर आठ महिन्यांच्या खोट्या गोष्टी लिहिल्यात ना मी, त्या ज्या आईला सांगत होते तिला सगळं आधीच कळलेलं होतं. खूप नंतर म्हणाली, मी म्हटलं तू सांगशील तेव्हा सांगशील. मला तेव्हा वाटलं, किती समजूतदार. आता वाटतं, विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तेव्हा विचारा, पण प्रश्न करू नका. 'मला कळलंय, मी कुणाला सांगितलेलं नाही, तुला बोलावंसं वाटलं तर मी आहे' एवढंच, आणि शक्यतो व्हिडिओवर नको, मेसेजमध्ये टाइप करा किंवा बोलून पाठवा, म्हणजे त्याला तुमच्यासमोर चेहरा सांभाळत बसावं लागणार नाही. त्यानंतर 'कधी लागेल', 'किती ठिकाणी दिलेस', 'अमक्याच्या मुलाला लगेच लागली' हे तिन्ही नाही. आणि त्या मित्राच्या आईलाही सांगा की पुढे कुणाला बोलू नका.

परत ये म्हणण्याबद्दल काकांना माझा निरोप द्या. त्यांचं मन कळतं, पण पहिलंच वाक्य ते आलं तर मुलाला ऐकू येतं 'तुला जमलं नाही.' आणि हिशोबही तेवढा सरळ नाही. एच वनची सहा वर्षं पूर्ण झालेली नसतील तर उरलेली वर्षं नंतर लॉटरीशिवाय वापरता येतात, पण एकदा देश सोडला की परत येणं सध्या किती महाग झालंय ते वर लिहिलंय. कदाचित येणंच योग्य ठरेल, कितीतरी जण येतात आणि छान रमतात, मी त्याला हार मानत नाही. पण ते त्याने ठरवायचं, उरलेले दिवस आणि पैसे मोजून. तुम्ही फक्त एवढं कळू द्या की खोली रिकामी आहे आणि कुणी काही विचारणार नाही. पैशांची मदत करणार असाल तर आकडा सांगा, 'काही लागलं तर सांग' म्हटलं की मुलं काहीच सांगत नाहीत.

औषधं घेतलीस का असं तो विचारतो तेव्हा खरं उत्तर द्या, थोडं लांबवून द्या. डॉक्टर काय म्हणाले, गुडघा कसा आहे, शेजारची काय म्हणाली. त्याच्या दिवसभरात सध्या तेवढं एकच बोलणं नोकरीबद्दल नसतं.